प्रा. हायमेनडॉर्फ : जंगलाची फिर्याद दरबारी नेणारा अभ्यासक



बल्लारपूर सोडून वर्धा नदीचा पूल ओलांडला की आपण राजुऱ्यात पोहोचता. त्या पुलावर आपण एक जुनी सरहद्दही ओलांडलेली असते, याचे भान आज थोड्यांनाच असेल. नदीच्या अलीकडचा चांदा जिल्हा इंग्रजांच्या मध्यप्रांतात होता. पलीकडचा राजुरा तालुका हैदराबादच्या आसफजाही राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्यात आला. अहेरी-सिरोंच्याकडील वाचकांसाठी हीच सरहद्द प्राणहितेच्या पात्रातून जात होती. दोन्ही तीरांवरचे जंगल एकच होते, गोंड-कोलामांची वस्ती एकच होती आणि चांद्याच्या गोंड राजांची आठवणही एकच होती. राज्ये तेवढी दोन होती.

या जंगलात साम्राज्य कसे शिरले आणि त्याच्या मागोमाग लाच कशी शिरली, याचा जन्मभर अभ्यास करणाऱ्या एका विद्वानाचे चरित्र आज आपणांसमोर ठेवीत आहोत. त्यांचे नाव प्रा. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. ते मुसलमान नव्हते, भारतीयही नव्हते. मग या मासिकात त्यांना स्थान कशासाठी, असे आपण विचाराल. ज्या राज्याच्या कारभाराचा हिशेब त्यांनी मांडला, त्याच्या तख्तावर मुसलमान शासक होता. तेथील वनरक्षक, जमादार, जमीनदार आणि सावकार यांच्यातही आपल्या नावांची माणसे पुष्कळ होती. दुसऱ्यांनी केलेला जुलूम आपण आवर्जून वाचतो. आपल्या घरचा हिशेब वाचायला मात्र धैर्य लागते.

हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ साली व्हिएन्ना येथे एका जुन्या सरदार घराण्यात झाला. त्या वेळी व्हिएन्ना ही ऑस्ट्रिया-हंगेरीच्या विशाल साम्राज्याची राजधानी होती. मूल नऊ वर्षांचे झाले तेव्हा, १९१८ साली, ते साम्राज्य कोसळून नकाशावरून पुसले गेले होते. किशोरवयात रवींद्रनाथ ठाकूर यांच्या लेखनाने त्यांना हिंदुस्थानची ओढ लावली. व्हिएन्ना विद्यापीठात ते मानववंशशास्त्र शिकले. आसामच्या डोंगरी जमातींच्या समाजरचनेवर त्यांनी १९३१ साली प्रबंध लिहिला, तोही त्या डोंगरांचे दर्शन न घेता, केवळ ग्रंथालयात बसून. ही उणीव त्यांना बोचत असावी. पुढे लंडनला जाऊन त्यांनी मालिनोव्स्की यांच्या अभ्यासवर्गात हजेरी लावली. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्यात जाऊन राहावे, त्यांची भाषा शिकावी, दुभाष्यावर विसंबू नये, ही त्या गुरूंची शिस्त होती. १९३६ साली हायमेनडॉर्फ नागा टेकड्यांत कोन्याक नागांमध्ये जाऊन राहिले आणि ही शिस्त त्यांच्या अंगवळणी पडली.

१९३८ साली जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि या ऑस्ट्रियन विद्वानाच्या हाती जर्मन पारपत्र आले. त्याच वर्षी त्यांचा एलिझाबेथ बार्नार्डो यांच्याशी विवाह झाला. त्यांना सारे बेट्टी म्हणत. १९३९ मध्ये पतिपत्नी हिंदुस्थानात आले आणि दुसरे महायुद्ध पेटले. इंग्रजांच्या लेखी ते आता शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अखेर हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहावे, या अटीवर त्यांना मोकळीक मिळाली. वाचकहो, तक्‍दीरचा खेळ पाहा. नागा टेकड्यांकडे परतू पाहणारा माणूस निजामाच्या मुलखात अडकून पडला आणि त्या अडकण्यातूनच त्याचे सर्वांत मोलाचे काम उभे राहिले.

प्रथम त्यांनी नल्लमलाच्या रानातील चेंचूंचा आणि गोदावरीकाठच्या कोंडा रेड्डींचा अभ्यास केला. पुढे ते आदिलाबादच्या गोंडांकडे वळले. तेथे नुकतेच रक्त सांडले होते.

बाबेझरी-जोडेघाटच्या परिसरात कुमराम भीम नावाच्या गोंड तरुणाने काही गोंड आणि कोलाम कुटुंबांसह जंगल साफ करून शेती धरली होती. हा भीम काही काळ चांद्यात राहिला आणि तेथेच लिहा-वाचायला शिकला, असे परंपरेने सांगितले जाते. वनखात्याने ती वस्ती बेकायदा ठरवली. अर्जविनंत्या झाल्या, हेलपाटे झाले, शेवटी हत्यारे उचलली गेली. १९४० साली पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्याचे अनेक साथीदार ठार झाले. दरबारी कागदांत ही केवळ बंडखोरी होती. मात्र शांत स्वभावाचे शेतकरी बंडाला का उठले, हा प्रश्न हैदराबादच्या काही जबाबदार अधिकाऱ्यांना स्वस्थ बसू देईना.

हायमेनडॉर्फ यांनी या प्रश्नाचे उत्तर कचेरीत शोधले नाही. उटनूरच्या डोंगराळ भागातील मारलवाई या गोंड गावात त्यांनी आणि बेट्टीबाईंनी गवताच्या छपराचे घर बांधले आणि ते तेथे राहू लागले. सकाळी दारात येणारा माणूस आधी रामराम करी आणि मग आपली तक्रार सांगे. ते त्यांचे सण, दंडारीचे नाच, देवांच्या कथा आणि कुळांची रचना टिपून घेत. त्याच वहीत पट्टे, दंड आणि लाच यांचीही नोंद होई. त्यांचे हे वैशिष्ट्य विसरता येत नाही. त्या काळचे कित्येक विद्वान जमातींचे नाच-गाणे लिहून नेत आणि त्या नाचणाऱ्यांच्या पायाखालची जमीन कोण काढून घेत आहे, हे लिहिण्याचे टाळत.

त्यांना काय आढळले? गोंडांची शेती फिरती होती. हलकी जमीन काही वर्षे कसायची, मग तिला पडीक ठेवून दुसरी धरायची. विसाव्या शतकाच्या आरंभी वनखात्याने राखीव जंगलाच्या रेषा आखल्या, तेव्हा ही पडीक शेते जंगलात धरली गेली. कित्येक गावे रेषेच्या आत आली आणि उठवली गेली. जी जमीन बाहेर उरली, तीवर गोंडांचा कागदी हक्क नव्हता. महसुली भाषेत सांगायचे तर ती ‘शिवाय जमाबंदी’ होती. दरवर्षी सारा भरायचा, पण पट्टा दुसऱ्याचा होऊ शकत असे. मैदानातून आलेल्या धूर्त माणसाने पटवाऱ्याला हाताशी धरले की त्या जमिनीचा पट्टा त्याच्या नावे होई आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारा गोंड एका रात्रीत त्याचा कूळ किंवा गडी बने. राजुऱ्याच्या सपाट, सुपीक पट्ट्यातून गोंड माणिकगडच्या डोंगराकडे मागे मागे सरकत गेले, त्याचे कारण हेच.

जो जंगलातच राहिला, त्याच्या मागे वनरक्षक होता. नांगराला लाकूड हवे, छपराला बांबू हवा, गुरांना चराई हवी. कायद्याने यांतील बरेच काही मिळू शकत होते किंवा थोड्या फीवर मिळत होते. प्रत्यक्षात दर नांगरामागे वर्षाची एक रक्कम ठरलेली असे. धान्य, कोंबडी आणि तूप वेगळे. अधिकाऱ्याचा मुक्काम पडला की वेठबिगार ओघाने आलीच. या रकमेला त्या मुलखात नाव होते ‘मामूल’.

या शब्दाशी थोडे थांबावे, असे वाटते. तो आपल्या परिचयाच्या अरबी धातूपासून आला आहे. अमल म्हणजे कृती, आणि मामूल म्हणजे नेहमीचे, रिवाजाचे. लाच घेणाराही तिला लाच म्हणत नसे आणि देणाराही म्हणत नसे. पाप एकदा रिवाज झाले की त्याची लाज उरत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळची ती घटना आपण जुम्याच्या खुत्ब्यात ऐकली असेल. जकात वसुलीसाठी पाठविलेला एक कर्मचारी परत आला. त्याने वसुलीचा एक भाग पुढे ठेवला आणि उरलेला भाग आपल्याला भेट म्हणून मिळाल्याचे सांगितले. प्रेषितांनी (स.) लोकांसमोर विचारले की, हा माणूस आपल्या आईबापांच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती काय? मामूलाची याहून नेमकी चिकित्सा हायमेनडॉर्फ यांच्या शास्त्रालाही करता आली नसती. या शिकवणीचे नाव घेणारे राज्य असूनही त्याच्या शेवटच्या चौकीवर मामूल चालू होता, ही गोष्ट आपल्याला बोचली पाहिजे. व्याज आपल्याकडे हराम. तरी अरब आणि रोहिले सावकारांचे नाव निजामी मुलखात धाकाने घेतले जाई, हेही येथेच सांगून टाकावे. हिंदू सावकार, देशमुख आणि पटवारी या लुटीत मागे नव्हते, हे खरे आहे. पण त्यांचा हिशेब त्यांच्या मासिकांनी मांडावा.

हायमेनडॉर्फ यांनी हे सारे अहवालांत लिहिले. भाषा संयमी होती, पण गावे, जमिनी आणि व्यवहार यांचे तपशील बिनचूक होते. १९४५ साली त्यांचे चार अहवाल एकत्र प्रसिद्ध झाले. आता निजाम सरकारच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. एका परक्या, नजरकैदेसारख्या स्थितीतल्या माणसाने राज्याच्या अंमलदारांवर एवढे आरोप कागदावर मांडले आणि सरकारने त्याला हाकलले नाही. उलट जमाती व मागासवर्गांविषयीचा सल्लागार नेमले. उस्मानिया विद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद मिळाले. महसूलमंत्री ग्रिगसन यांचा त्यांना भक्कम पाठिंबा होता. हे ग्रिगसन आपल्या भागालाही अनोळखी नाहीत. मध्यप्रांत-वऱ्हाडातील आदिवासींच्या स्थितीची सरकारी चौकशी त्यांनीच केली होती आणि तिचा अहवाल १९४४ साली निघाला होता.

कामे झाली, आणि झपाट्याने झाली. १९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. पहिली पुस्तके गोंडी भाषेत आणि नागरी लिपीत तयार झाली. आदिलाबादच्या गोंडांना मराठीची सवय होती, म्हणून ही लिपी निवडली गेली. उर्दू ही राजभाषा असलेल्या राज्यात सरकारने ही निवड मान्य केली, हे आजच्या भाषिक भांडणांच्या दिवसांत मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. १३५६ फसली, म्हणजे इ. स. १९४६ मध्ये, आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र विनियम झाला. जमिनीचे पट्टे मोहीम काढून दिले गेले. १९४९ च्या सुमारास एकट्या आदिलाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ६० हजार एकर जमीन ११ हजारांहून अधिक आदिवासी खातेदारांच्या नावे झाली होती.

पट्टे वाटपाच्या आणि शाळांच्या कामात एक मराठी माणूस अग्रभागी होता. सेतुमाधवराव पगडी यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. फारसी आणि उर्दू साधनांवर त्यांचे प्रभुत्व होते आणि सूफी संप्रदायावर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला आहे. निलंग्यात जन्मलेले हे पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. उटनूर भागात काम करताना ते गोंडी शिकले आणि त्यांनी त्या भाषेचे व्याकरणही लिहिले. ज्या अधिकाऱ्याला अर्जदाराची भाषा येते, त्याच्या दारात दलाल टिकत नाही. हजरत उमर (रजि.) हजच्या मेळ्यात दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या साध्या माणसांना त्यांच्या सुभेदाराविषयी थेट विचारीत. त्यामागेही हेच शहाणपण होते. मधला माणूस काढून टाकला की अर्धा भ्रष्टाचार आपोआप गळून पडतो.

१९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, आसफजाही राजवट संपली आणि १९४९ साली हायमेनडॉर्फ लंडनच्या प्राच्य व आफ्रिकी विद्यालयात रुजू झाले. १९५१ पासून १९७६ पर्यंत ते तेथे प्राध्यापक होते. त्यांनी विभाग नावारूपाला आणला, नेपाळ परकीयांना खुला होताच शेर्पांचा अभ्यास केला, पुष्कळ ग्रंथ लिहिले आणि चित्रफिती घेतल्या. बेट्टीबाईंनी दक्षिण आशियाविषयक मानववंशशास्त्रीय लेखनाची मोठी सूची तयार केली. विद्यापीठीय मानसन्मानांची यादी देऊन आपला वेळ घेत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते सेवानिवृत्तीनंतर घडले.

वयाच्या सत्तरीकडे झुकलेले हे गृहस्थ पुन्हा आदिलाबादला आले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या हाती पट्टे दिले, त्यांची मुले आता काय करतात, हे त्यांनी गावोगाव हिंडून पाहिले. चित्र विदारक होते. रस्ते झाले, बाजार आले आणि त्या रस्त्यांनी मराठवाडा-विदर्भातून आणि आंध्रच्या किनारी जिल्ह्यांतून जमिनीच्या शोधात माणसे आली. कायदा आदिवासींच्या बाजूनेच होता. १९७० मध्ये तर तो अधिक कडक झाला. तरीही कर्जाच्या कागदावर अंगठा घेऊन, तोंडी खंडाने आणि कचेरीतील नोंद फिरवून जमिनी हातांतून गेल्या. मामूलही होताच. राजा गेला होता, निवडून आलेले सरकार आले होते, वनरक्षकाच्या अंगावरचा गणवेश बदलला होता, दर मात्र वाढले होते.

येथे त्यांनी एक तुलना केली आणि ती त्यांच्या विद्वत्तेचा कळस आहे, असे आमचे मत आहे. १९४४-४५ मध्ये ते ईशान्येच्या सुबनसिरी खोऱ्यातील अपातानी जमातीतही राहिले होते. तेथेही ते कित्येक वर्षांनी परत गेले. अपातानी शिकले होते, व्यापार करीत होते, सरकारी पदांवर पोहोचले होते. असे का झाले? ते गोंडांपेक्षा जात्याच हुशार होते म्हणून? मुळीच नाही. १८७३ पासून चालत आलेल्या ‘इनर लाइन’च्या नियमामुळे त्यांच्या प्रदेशात बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय जाता येत नव्हते आणि जमीन घेता येत नव्हती. त्यांना जमीन हातात ठेवून नव्या जगाशी ओळख करून घ्यायला सवड मिळाली. गोंडांना ती मिळाली नाही. आळशी, व्यसनी आणि अडाणी म्हणून आदिवासींची बोळवण करणाऱ्यांना हे उत्तर आहे. वाचकहो, आपल्या ओट्यावर बसून तेंदूपत्त्याच्या आणि मोहाच्या हंगामात अशी बोलणी आपणही ऐकली आहेत, कधी कधी केलीही आहेत.

२० एप्रिल १९८१ रोजी आदिलाबादच्या इंद्रवेल्ली येथे जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा १३ मृतांचा आहे. लोकांनी सांगितलेला आकडा त्याहून पुष्कळ मोठा आहे. जोडेघाटानंतर चाळीस वर्षांनी तोच जिल्हा, तीच जमात आणि जमिनीचीच मागणी. पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, हायमेनडॉर्फ यांचा भारतातील जमातींच्या जगण्याच्या झगड्यावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, हा केवळ योगायोग.

त्यांच्या कार्याला मर्यादा नव्हत्या, असे आपण समजू नये. ते अखेर राज्यकर्त्यांचे सल्लागार होते. कळकळीचा अधिकारी आणि वरून निघालेला हुकूम यांवर त्यांचा भरवसा फार होता. एकाच सहीने हजारो पट्टे देऊ शकणाऱ्या एकतंत्री राजवटीविषयी त्यांच्या मनात हळवा कोपरा राहिला. कुमराम भीमाने जे स्वतः उभे राहून मागितले, ते या विद्वानाला लोकांच्या वतीने मागून द्यावेसे वाटे. वरून दिलेले संरक्षण देणारा गेला की ढासळते, हे त्यांनीच उतारवयात डोळ्यांनी पाहिले. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने २००९ साली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क ग्रामसभेच्या बळावर मिळवला, तो मार्ग त्यांच्या विचारात फारसा नव्हता. तरीही मेंढ्याच्या माणसांना जो कागद मिळवावा लागला, तो मुळात गेला कसा, हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याला हायमेनडॉर्फ यांच्या जुन्या अहवालांकडे जावेच लागते.

जानेवारी १९८७ मध्ये बेट्टीबाईंचे हैदराबादला निधन झाले. त्यांना मारलवाईत, त्यांच्या जुन्या घराच्या गावी, पुरण्यात आले. हायमेनडॉर्फ ११ जून १९९५ रोजी लंडनमध्ये वारले. २०१२ साली त्यांची रक्षा मारलवाईला आणून पत्नीच्या कबरीशेजारी ठेवण्यात आली. दरवर्षी ११ जानेवारीला गोंड मंडळी तेथे जमतात. ते गाव ज्या जिल्ह्यात येते, त्याचे नाव २०१६ पासून कुमराम भीम आसिफाबाद असे आहे. गोळी खाऊन मेलेला गोंड आणि आसफजाही घराणे, दोघेही त्या नावात एकमेकांना लागून आहेत. राजुऱ्याहून माणिकगडच्या डोंगरापलीकडे उतरले की त्याची हद्द सुरू होते.